जाणाऱ्याला अडवणारा कुत्रा

आमच्या कुत्र्याचं नाव इथे देत नाही, कारण गावातल्या एका माजी सरपंचांचंही तेच आहे, आणि ते वाचतात. रंगाने तो तांबूस, कान एक उभा आणि एक पडलेला. धाकट्या भावाला तो बंदरावर, वाळत टाकलेल्या जाळ्यांच्या ढिगात सापडला होता, तेव्हा तळहाताएवढा होता. पुढच्या दोन वर्षांत त्याने जो स्वभाव कमावला तो मी ना कुठे वाचला होता ना ऐकला होता, आणि मी तीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होतो.

इतर कुत्रे येणाऱ्याला अडवतात. आमचा जाणाऱ्याला अडवायचा.

कोणीही यावं. फाटक ढकलून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात यावं, पायरीवर चप्पल काढावी, पडवीत टेकावं. कुत्रा डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा मिटायचा. चोर आला असता तर त्यालाही त्याने हीच वागणूक दिली असती. पण पाहुणा "बरं, निघतो" म्हणून उठला, की हा ताडकन उभा. तो धावत जाऊन फाटकाला आडवा व्हायचा आणि घशातल्या घशात गुरगुरायचा. तरी कोणी पुढे सरकलंच, तर धोतर, लुंगी, पॅन्ट जे असेल त्याचा काठ दातात धरून त्याला मागे ओढायचा. चावला कधीच नाही. मग कधी तासाने, कधी दीड तासाने, त्याच्या मनात येईल तेव्हा बाजूला व्हायचा.

वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस एकदा पावणेदोन तास बसला. तेवढ्या वेळात त्याने आम्हांला त्याच्या दोन्ही मुलींच्या परीक्षांची सगळी माहिती दिली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार पाच कार्यकर्ते घेऊन आला होता. "फक्त हात जोडायला आलोय" म्हणाला. कुत्र्याने त्याला निघू दिलं नाही, त्यामुळे विकासाबद्दलचं भाषण त्याला तीन वेळा करावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी त्याचाच एक कार्यकर्ता झोपला. तो उमेदवार पडला. त्यात आमच्या कुत्र्याचा वाटा किती, हे सांगता येत नाही.

इथवर गंमत होती. मासेवालीचं प्रकरण झालं आणि गंमत संपली.

शिरोड्याकडून डोक्यावर पाटी घेऊन येणारी ही मावशी आमच्या आईच्या वेळेपासून वाडीत येते. तिचं पहिलं घर आमचं. पाटीवरचं फडकं आमच्या पायरीवर सुटतं आणि पहिला मासा दादा निवडतो. दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ, मुंबईत एका कार्यालयात अधीक्षक होता. निवृत्त झाला, पण अधीक्षकपद त्याने सोडलं नाही. मीही त्यानंतर परत आलो. धाकटा मात्र गाव सोडून कधीच गेला नव्हता. पंचवीस वर्षं घर, माडाची बाग आणि आई-वडिलांची आजारपणं त्याने एकट्याने सांभाळली होती. तर घरात आम्ही तीन भाऊ, वहिनी आणि धाकट्याची बायको अशी पाच माणसं, आणि कुत्रा.

मावशीला आमच्याकडून निघून आणखी वीस-बावीस घरं करायची असतात, आणि ऊन काही तिच्यासाठी थांबत नाही. कुत्र्याने तिला आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा आणि शेवटी रोज अडवायला सुरुवात केली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने पाटी खळ्यातच आदळली.

"हो कुत्रो माका येवक दिता, पण जावक दिना नाय! अकरा वाजले. माझा म्हावरां हयच शिजला. दादानू, उद्यापासून मी येवचंय नाय. वाडीक काय सांगूचा ता तुमी सांगा."

वाडीला काय सांगायचं हा प्रश्न हलका नव्हता. वीस-बावीस घरांचं जेवण आमच्या फाटकात अडलं होतं, आणि पुढच्या घरच्या बायका आता उघड बोलत होत्या. दादाने मावशीकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्याच बैठकीत निकालही दिला. नांदगावला हायवेलगत त्याच्या मेव्हण्याची कोंबड्यांची शेड आहे. तिथे साखळीला बांधायला एक कुत्रा हवाच होता. पंधरा दिवसांनी, रविवारी, मेव्हण्याचा टेम्पो अंडी घेऊन शिरोड्याला येणार होता. तोवर कुत्रा सुधारला तर ठीक, नाहीतर रिकाम्या टेम्पोतून तो नांदगावला जाईल.

धाकटा एवढंच म्हणाला, "तो कोंबड्यांक काय राखतलो? तो मांजराक भियता." आणि उठून बागेत गेला. त्या दिवसापासून तो आमच्या पंगतीला बसेनासा झाला. मागच्या पायरीवर ताट घेऊन बसायचा, शेजारी कुत्रा. घरात त्याने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं; त्याचं स्वतःचं असं जे काही होतं, ते त्या ताटाशेजारी बसलेलं दिसायचं.

दादाने मग गोव्याकडचा एक प्रशिक्षक गाठला. तिकडच्या हॉटेलवाल्यांचे आणि बंगलेवाल्यांचे कुत्रे वळवणारा. आरोंद्यावरून मोटारसायकलवर आला, गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांची पिशवी. तरुण होता, नम्र होता, आणि त्याने पहिल्याच वाक्यात आमच्या घराला सुरुंग लावला.

"कुत्र्यात दोष नसतो. घराला एक लीडर हवा. एकच. त्याने सांगितलेलं रोज, तसंच्या तसं, सातत्याने व्हायला हवं. तर मला सांगा, या घरात लीडर कोण?"

असा प्रश्न त्या घरात तोवर कोणी मोठ्याने विचारला नव्हता. आमच्याकडे देवळात नारळ आधी कोणाच्या हाताने फुटावा यावरून दोन घराण्यांची बोलाचाल तीन पिढ्या बंद राहते. तिथे हा माणूस पडवीत बसून, बिस्किटं कुरतडत, घरातला मान कोणाचा हे विचारत होता.

"अर्थातच मी," दादा म्हणाला.

"खावक कोण घालता?" मागच्या दारातून धाकट्याचा आवाज आला.

मी कोणाच्याच बाजूने बोललो नाही. मधल्या भावाला हीच एक कला येते.

प्रशिक्षकाने खुणा सांगितल्या. लीडर दारातून सगळ्यांच्या आधी जातो आणि लीडर सगळ्यांच्या आधी जेवतो, म्हणजे कुत्र्याला कळतं. हे ऐकून धाकट्याची बायको पदराआड हसली.

"मगे लिडर मीच. कढीत मीठ बरोबर आसा काय ता मी सगळ्यांच्या आधी चाखतंय."

दादाने ते मनावर घेतलं नाही. त्याने फोनवर एक परिपत्रक तयार केलं. विषय: कुत्र्याबाबत सर्वसाधारण सूचना. पाच माणसांच्या घरासाठी त्याने एक ग्रुप काढला, त्यात ते टाकलं, आणि एक प्रत छापून आणून पडवीच्या खांबाला चिकटवली. कलम चार असं होतं की, कोणत्याही दारातून प्रथम घरप्रमुख बाहेर पडेल. त्याच सकाळी दादा आणि धाकटा स्वयंपाकघराच्या दारात खांद्याला खांदा लागून अडकले. दोघांचं मिळून वय एकशे चोवीस. कुत्रा बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मग न्हाणीघराकडच्या दाराने बाहेर गेला.

प्रश्न मिटेना, तेव्हा दादाने देवळात जाऊन कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवून देवाला विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भाऊबंदकी, सगळं त्या कळ्यांवर ठरतं. दादाने गुरवाला प्रश्न सांगितला. गुरवाने हातातली कळी पुन्हा पाण्यात टाकली.

"कुत्र्यान कोणाचा ऐकूचा ता देवाक विचारूचा? मेल्यांनो, देवाचा तुमी ऐकनास नाय, तो कुत्र्याक काय सांगतलो?"

आम्ही नारळ घेऊन परत आलो. एकूण इतिहासात घराण्यांचे नेते असेच ठरले असावेत, म्हणजे न ठरता. दादा लीडर झाला, कारण परिपत्रक त्याने छापलं होतं.

पुढचे चार दिवस प्रशिक्षक रोज यायचा. दादा छाती काढून खळ्यात उभा राहायचा आणि अधीक्षकाच्या आवाजात "बस" म्हणायचा. कुत्रा बसायचा. "थांब" म्हटलं की थांबायचा. बिस्किट नाकासमोर ठेवलं तरी परवानगीशिवाय तोंड लावायचा नाही. सगळ्या परीक्षांत पहिला. फक्त पाहुणा निघाला की पुन्हा तेच, फाटकाला आडवा. पाचव्या दिवशी प्रशिक्षकाने शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

"माफ करा," तो म्हणाला. "असा कुत्रा मी पाहिला नाही. माझ्याने होणार नाही. निघतो."

तो उठला आणि आम्ही पाचही जण एका आवाजात, एका दमात ओरडलो.

"खंय चल्लास? बसा हो! चाय घेवन जावा!"

कुत्रा ताडकन उठला आणि फाटकाला आडवा झाला.

प्रशिक्षक एक पाय पायरीवर आणि एक खळ्यात अशा अवस्थेत थांबला. आमच्याकडे बघितलं. कुत्र्याकडे बघितलं. पुन्हा आमच्याकडे.

"आत्ता काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

आम्ही जरा ओशाळून पुन्हा म्हणालो. कुत्रा गुरगुरला.

"आता कोणी काही म्हणू नका." तो परत येऊन बसला, आणि मग पुन्हा उठून निघाला. आम्ही ओठ दाबून बसलो. फार कठीण गेलं. वहिनीने तर स्वतःच्या तोंडावर हात धरला. कुत्र्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं असावं त्याला, आणि त्याने मान पुन्हा पायांवर ठेवली. प्रशिक्षक फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"हा बिघडलेला नाही," तो म्हणाला. "एवढं पक्कं शिकवलेलं जनावर मी बघितलं नाही. दोन वर्षं, रोज, घरातले सगळे, एकाच शब्दात, एकाच सुरात. तुम्हीच शिकवलंत. मी तर हेच सांगायला आलो होतो."

मग सगळा उलगडा झाला. जाणाऱ्याला "बस, चाय घेवन जा" म्हणायचं, ही आमच्या घराची एकमेव गोष्ट होती जिच्यावर आम्हां पाच जणांचं कधी दुमत झालं नव्हतं. आणि चहा बहुतेक वेळा ठेवलेलाच नसायचा. आपण ओरडायचं, पाहुण्याने "नको, परत कधीतरी" म्हणायचं, आपण आणखी एकदा ओरडायचं, त्याने निघून जायचं. आग्रह करायचा असतो, तो मानायचा नसतो, हे लहान पोरालाही कळतं. कुत्र्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याला हुकूम ऐकू आला आणि त्याने त्याची अंमलबजावणी केली. मनात येईल तेव्हा सोडतो असं जे आम्हांला वाटायचं, तेही खोटं होतं. चहा होऊन रिकाम्या कपबशा आत गेल्या की तो बाजूला व्हायचा. चहाच झाला नाही तर आम्ही सगळे थकून गप्प होईपर्यंत.

प्रशिक्षकाला त्या दिवशी दोन कप चहा झाला. इलाजही त्यानेच सांगितला. सगळ्यांनी एक आठवडा, कोणीही निघालं तरी, एक शब्द बोलायचा नाही. एकानेही एकदाही मोडलं तर मेहनत वाया.

परिपत्रकात कलम अकरा वाढलं. कुत्र्याला सुधारायला पाच माणसांनी उद्धट व्हायचं होतं, तेही सातत्याने.

मी आयुष्यात बरीच कठीण पुस्तकं वाचली आहेत, पण त्या आठवड्याइतकं कठीण काही केलं नाही. माणूस उठायचा, "येतंय हां" म्हणायचा, आणि आम्ही छपराच्या वाशांकडे बघत बसायचो. तो क्षणभर थांबायचा. त्याची वाक्यं तयार असायची, "नको नको, घाई आसा," पण ती टाकायला जागा नसायची. मग तो चप्पल शोधण्यात उगाच वेळ काढायचा. शेजारच्या आजोबांनी तर फाटकातून परत येऊन मला बाजूला घेतलं.

"काय झाला? भांडाण झाला काय तुमचा?"

"नाय हो."

"मगे कोण काय बोलना नाय तो?"

बुधवारपर्यंत वाडीत पसरलं की आम्हां भावांच्या वाटण्या होणार. गुरुवारी एक ओळखीचा मोजणीवाला सहज म्हणून आला, घराचे कोपरे डोळ्यांनी मोजून गेला, आणि त्यालाही आम्ही चहा विचारला नाही, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. वहिनीची सख्खी बहीण वेंगुर्ल्याहून आली आणि निघताना पायरीवर थांबून राहिली. वहिनी आत जाऊन रडली. धाकट्याची बायको पदराचं टोक दातात धरूनच वावरत होती.

पण कुत्रा सुधारत होता. सोमवारी तो पाहुण्याबरोबर उठून आमच्या तोंडाकडे बघायचा आणि हुकमाची वाट बघत उभा राहायचा. बुधवारी नुसतीच मान उचलायचा. शुक्रवारी मान उचलणंही सोडलं. दिवसभर खांबाशी पडून असायचा, परिपत्रकाखाली, पहिल्या महिन्यातल्या पेन्शनरासारखा. धाकटा त्या संध्याकाळी आमच्या पंगतीला येऊन बसला. वहिनीने त्याच्या पानात न विचारता भात वाढला.

रविवार उजाडला. मावशीची मुदत संपली होती, टेम्पो शिरोड्याहून निघाल्याचा फोन आला होता. मावशी आली, पाटी उतरवली, दादाने बांगडे निवडले. निवडताना त्याचं लक्ष बांगड्यांवर नव्हतं. धाकटा माडाला टेकून उभा होता आणि हातातल्या काडीचे तुकडे करत होता.

मावशी उठली. धाकट्याच्या बायकोने गप्प राहून तिच्या डोक्यावर पाटी चढवून दिली. मावशी निघाली. आम्ही वासे बघू लागलो. एक पाऊल, दोन पावलं, खळं अर्धं झालं. कुत्रा हलला नाही. त्याने एकदा डोळे उघडले आणि मिटले. मावशीचा हात फाटकाला लागला. दादाने माझ्याकडे असं बघितलं जसं काही एखादा पूल त्याने स्वतः बांधून दाखवला होता.

आणि मावशी वळली.

"आठ दिवस बघतंय," ती म्हणाली. डोक्यावर पाटी तशीच. "आठ दिवस कोण बस म्हणूक नाय. माझ्याकडसून काय चुकला?"

कोणी बोलेना. कलम अकरा.

"चाय माका नको. मी खंय चाय मागलंय? माका येळ नाय, तुमका ठावक आसा. पण नुसता बस म्हणूक काय जाता? माझो घो गेलो त्या वर्सा पंधराव्या दिवशी मी पाटी घेवन बाहेर पडलंय. पयला घर ह्याच. तुमच्या आवशीन हयच, ह्या पायरेर उभ्यान, 'बस गो, खंय जातंस' म्हटल्यान. मी बसूक नाय. पण म्हटल्यान." तिने डोक्यावरची पाटी सावरली. "ह्या बरा. कुत्रो सुधारलो, माणसां बिघाडली."

तिने फाटक ओढलं. दादाचा चेहरा मी पाहत होतो. त्याची हनुवटी हलली, ओठ दाबले गेले, मानेची शीर वर आली. घरप्रमुख, परिपत्रक काढणारा, कलम अकराचा जनक. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याच्या तोंडून आईचा आवाज निघाला.

"अगो बस! खंय चल्लंस ती? चाय घेवन जा!"

कुत्रा खांबाखालून असा सुटला की परिपत्रकाचा एक कोपरा फाटला. मावशीच्या पुढे जाऊन तो फाटकाला आडवा झाला, शेपूट पूर्ण वेगाने हलत होती, आणि गुरगुरणंही नीट जमत नव्हतं त्याला.

"हां," मावशी म्हणाली. "आता कसा." आणि पाटी उतरवून पायरीवर बसली.

त्यानंतर आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. आठ दिवसांचं साठलेलं होतं. धाकट्याच्या बायकोने खरोखरचा चहा ठेवला. तेवढ्यात टेम्पो येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर हातात दोरी घेऊन आत आला, अर्थात कोणी न अडवता. धाकटा माडापासून हलला नाही. तो फक्त दादाकडे बघत होता.

दादाने ड्रायव्हरला खुर्ची दिली. चहा दिला. मग मेव्हण्याला फोन लावला आणि कार्यालयीन मराठीत म्हणाला, "नाही, यावेळी पाठवता येत नाही. सदर कुत्र्याचं प्रशिक्षण अद्याप अपूर्ण आहे. नाही, निश्चित तारीख सांगता येणार नाही." फोन ठेवून त्याने चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत बसला. धाकट्याने काडीचा उरलेला तुकडा टाकला, ड्रायव्हरच्या हातातली दोरी घेतली आणि विहिरीच्या रहाटाला बांधायला घेऊन गेला. जुनी झिजली होतीच.

पण वीस-बावीस घरांचा प्रश्न तसाच होता, आणि तो मावशीने सोडवला. कप खाली ठेवत ती म्हणाली, "दादानू, उद्यापासून तुमचा घर शेवटाक. आधी वाडी करतंय, मगे हय येतंय. मगे बस म्हणा, कुत्र्याक सोडा, काय ता करा. माका घाई नाय."

शेवटाक म्हणजे काय हे दादाला कळलं. पाटीतला पहिला मासा आमच्या घराचा होता, आईच्या वेळेपासून. देवळातल्या नारळासाठी भांडतात तसा तो त्यासाठी भांडू शकला असता. त्याने पायरीवर सुटलेलं तिचं फडकं उचलून पाटीवर घातलं.

"बरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मावशी साडेअकराला आली. पाटीत पाच पेडवे आणि पोट फुटलेला एक बांगडा उरला होता. कुत्रा पायरीखाली पसरला होता, चुलीवर आधण होतं. दादाने चष्मा लावला, खाली वाकला, बांगडा उचलून त्याचे कल्ले उघडून नीट बघितले.

"ताजो आसा," तो म्हणाला.

धाकट्याने ताट पुढे केलं.